पुडीतलं कालिज

आमच्या घरी येणारा माणूस आधी पाणी मागायचा. मास्तर आले की आधी फडताळाकडं बघायचे.

"वहिनी, आज वाण्याकडून काही आणलं का? जिरं, मोहरी, खडीसाखर? कशात बांधून दिलं?"

माझं नुकतंच लग्न झालं होतं. मस्तगड भागात दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. बायकोला पहिल्यांदा वाटलं, हे गृहस्थ वजनमापं तपासणाऱ्या खात्यातले असावेत. तिनं घाबरून जिऱ्याची पुडी पुढं केली. मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर उलटी ठेवली, जिरं तीत ओतलं, पुडीचा कागद गुडघ्यावर चोळून सपाट केला, दोन्ही बाजू न्याहाळल्या आणि "च्, ह्यात नुसती साबणाची जाहिरात हाय" असं म्हणत पुडी पुन्हा होती तशी बांधून दिली. गाठसुद्धा वाण्याच्या गाठीपेक्षा घट्ट. मग टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि पाणी मागितलं. त्या दिवशीच्या आमटीला जिऱ्याबरोबर आणखी कशाचा वास होता, हे मी बायकोला कधी सांगितलं नाही.

हे मास्तर म्हणजे जालन्यातल्या आमच्या शाळेचे ड्रिलमास्तर. निजामी जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मी चोवीस वर्षांचा, इंग्रजी शिकवायला नवा लागलेला. ते पंचेचाळिशीला टेकलेले. मूळ गाव तीर्थपुरीकडचं. भाऊ तिथं शेती करायचा आणि ज्वारीचं पोतं पाठवायचा. मास्तर इथं एका दुकानाच्या माडीवर एकटेच राहायचे. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "राहून गेलं. एक डाव सोयरीक आल्ती, पन तवा मी हैदराबादला ट्रेनिंगला गेल्तो." ते ट्रेनिंग सहा महिन्यांचं होतं. पुढच्या वीस वर्षांचं काय, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

खाकी अर्धी चड्डी, तिला एवढी खळ की बसताना आवाज यायचा. पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. वर्गातले खडू कुठं जातात याचा हेडमास्तरांना पत्ता नव्हता. मला होता, कारण मास्तर चालून गेले की व्हरांड्यात पांढरी पावलं उमटायची. गळ्यात शिट्टी. पंगतीला बसताना ती पाठीवर टाकायची आणि आंचवून आले की पुन्हा छातीवर घ्यायची. एका लग्नात वाढपी आमची ओळ सोडून दोनदा पुढं गेले. मास्तरांनी बसल्या जागेवरून शिट्टी मारली. वाढपी थांबले, वाजंत्री थांबली, नवरदेवसुद्धा उठून उभा राहिला. मास्तर शांतपणे म्हणाले, "ह्या बाजूला भात आला न्हाई."

बास्केटबॉलची टोपली जमिनीपासून दहा फूट उंच असते. मास्तरांचं सगळं जग त्या दहा फुटांनी मोजलेलं होतं. शाळेचं कौल दीड टोपली, मागची चिंच तीन टोपल्या, स्टेशनजवळची पाण्याची टाकी चारला थोडी कमी. माणसांचीही तीच गत. माझ्या चुलतबहिणीसाठी स्थळ बघायला मी एकदा त्यांना बरोबर नेलं. परत येताना विचारलं, "कसा वाटला मुलगा?"

"हात लांब हायेत," मास्तर म्हणाले. "पन खांदा उचलत न्हाई."

ते स्थळ आम्ही दुसऱ्याच कारणानं सोडलं. पण आमच्या घरात आळशी माणसाला अजून "खांदा उचलत नाही" म्हणतात.

शाळेच्या मागं त्यांनी आपल्या हातानं मैदान केलं होतं. टोपलीचं कडं म्हणजे जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी आवळायची लोखंडी पट्टी. ती लोहाराकडून वाकवून आणली होती. मागची फळी म्हणजे मोडीत निघालेला वर्गातला फळा. त्यावर कोपऱ्यात 'वर्ग' आणि 'पट' ही रंगवलेली अक्षरं तशीच होती, आणि चेंडू बहुधा 'पट'वर आपटून आत जायचा. जाळीच्या जागी बैलाचं मुसकं बांधलं होतं. मळणीच्या वेळी बैलानं दाणे खाऊ नयेत म्हणून त्याच्या तोंडाला बांधतात ते दोरीचं मुसकं, बूड कापलेलं. "भावाच्या बैलाचं हाय," मास्तर अभिमानानं सांगायचे. "भावाला इचारलं न्हाई, बैलाला इचारून आणलं."

त्या मैदानावर संध्याकाळी पोरं खेळायची आणि मास्तर कडेनं धावत ओरडायचे, "दे, दे! चेंडू हातात ठिवला की नासतो!" हे वाक्य ते मैदानाबाहेरही वापरत. मी एकदा हेडमास्तरांवरचा राग आठवडाभर धरून बसलो होतो, तेव्हा मलाही तेच ऐकवलं होतं.

आता पुड्यांचं. त्या काळी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांची रद्दी गठ्ठेच्या गठ्ठे मुंबईला उतरायची आणि तिथून गावोगावच्या वाण्यांकडं पोचायची. कागद मोठा आणि चिवट, पुड्यांना उत्तम. आमच्या मस्तगडातल्या वाण्याकडं असाच एक मोठा गठ्ठा आला. तो सगळा अमेरिकेतल्या एकाच लहान गावाच्या वर्तमानपत्राचा, एकाच हिवाळ्याचा होता. एका दुपारी मास्तर शिक्षकांच्या खोलीत आले ते हातात गुळाचा चिकट कागद घेऊन. मागोमाग दोन माशाही आल्या.

"इंग्लिशवाले," ते मला म्हणाले. मला ते याच नावानं हाक मारायचे. "हे वाचा बरं, जल्दी."

मी वाचलं. त्या गावात एक लहानसं कॉलेज होतं. त्याची मुलं सबंध हिवाळाभर बास्केटबॉलचे सामने खेळली आणि एकही हरली नाहीत. शेवटचा सामना एका मोठ्या शहरातल्या मोठ्या कॉलेजशी झाला. तो त्या मुलांनी एका गोलानं घालवला. बातमीवर फोटो होता. बाकावर पाच मुलं, गळ्यात टॉवेल. त्यातल्या सगळ्यात बुटक्या मुलानं तोंड ओंजळीत लपवलं होतं. मागं हॅट घातलेला जाडसा कोच उभा होता आणि त्याचा हात त्या बुटक्याच्या डोक्यावर होता.

मास्तर फोटोकडं फार वेळ बघत राहिले.

"कोच रागावला न्हाई?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"न्हाईच रागावला. हात बघा ना कसा ठिवलाय."

त्या दिवसापासून ते 'आपलं कालिज' झालं. मास्तर वाण्याच्या दुकानात जाऊन बसू लागले, गिऱ्हाइकांच्या हातातल्या पुड्या निरखू लागले, ओळखीपाळखीच्या घरांतली फडताळं उघडू लागले. त्या कॉलेजचा हिवाळा आम्हाला असा उलटासुलटा मिळत गेला. जिऱ्यात डिसेंबर निघाला, मिरच्यांत फेब्रुवारी, आणि जानेवारीतला एक मोठा विजय परतूरहून आलेल्या कुणाच्या तरी फुटाण्यांत. मास्तरांनी एक जुनं हजेरीचं रजिस्टर मिळवलं होतं. त्यात तारखांप्रमाणे जागा सोडून ते ही पानं खळीनं चिकटवत. शेवट आम्हाला आधीच ठाऊक होता, आणि म्हणून प्रत्येक विजयाची बातमी ऐकताना मास्तर कासावीस व्हायचे.

"पोरं लई खुशीत हायेत," फोटोवरून बोट फिरवत ते म्हणायचे. "त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत."

"मास्तर, हे सगळं होऊन गेलंय. चार वर्षं झाली त्याला."

"व्हय. पन ह्या पानावर अजून झालं न्हाई ना."

शाळेतल्या पोरांनाही त्या कॉलेजचा लळा लागला. थंडीच्या सकाळी ती एकमेकांना सांगायची, "आपल्या कालिजात बरफ पडून राह्यलं." आमच्या संघाचा कप्तान किसन हाही बुटका, तीर्थपुरीकडचाच, वसतिगृहात राहणारा. मास्तर त्याला त्या फोटोतल्या बुटक्याच्या गोष्टी सांगायचे, जसा काही तो त्याचा मावसभाऊ होता.

मास्तर उर्दूत शिकलेले. उर्दू फर्डं वाचत, मराठी अडखळत. इंग्रजीतले फक्त आकडे आणि अक्षरं ओळखत. तेव्हा शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बसून वाचून दाखवायचं काम माझ्याकडं आलं. खरं सांगायचं तर मला त्या खेळात काडीचाही रस नव्हता. घरी नवी बायको वाट बघत असायची आणि इथं मी कुठल्या तरी परक्या गावच्या पोरांचे गोल मोजत बसलेलो. मग मी लांबलचक बातम्या आटोपत्या घेऊ लागलो. काही गाळायचो, काही पदरचं घालायचो. मास्तरांना ते कळत नसे. एकदा एका पानावर टकल्या म्हाताऱ्याचा फोटो आणि खाली मोठा मजकूर निघाला. मी चार ओळी वाचून थांबलो.

"काय म्हन्तो?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही. जुना कोच आहे, निवृत्त झालेला. आमच्या वेळी असं नव्हतं म्हणून कुरकुर करतोय."

"मंग ऱ्हाऊ द्या," मास्तर हसले. "म्हातारे तिकडं बी तसलेच का!" आणि त्यांनी ते पान नीट जागेवर चिकटवलं. मी पाचवी ओळ वाचली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मास्तर हा खेळ शिकले होते हैदराबादला, वीस वर्षांपूर्वी, एका उस्तादांकडून. तेव्हाची उर्दूतली वही त्यांनी कुराण-पोथी जपावी तशी जपली होती. त्या वहीत नियम होता की गोल झाला की सगळ्यांनी मैदानाच्या मधोमध परत यायचं. तिथं पंच चेंडू वर उडवतो, दोन्ही बाजूंचा एकेक जण उडी मारतो आणि खेळ नव्यानं सुरू होतो. जालन्यात दुसऱ्या कुठल्या शाळेत टोपलीच नव्हती. आमची पोरं आपसांतच खेळायची. त्यामुळं या नियमाला कधी कुणी हात लावला नाही. उलट मास्तरांनी सगळा संघ त्या एका उडीवर उभा केला होता. किसन बुटका असून मुसक्याच्या खालच्या दोरीला बोट लावायचा. गोल झाला की आमची पाचही पोरं छाती काढून, ड्रिलच्या चालीनं, मधल्या वर्तुळाकडं यायची. बघायला फार छान दिसायचं.

मग एका वर्षी परभणीला शाळाशाळांचे सामने ठरले. मास्तरांनी हेडमास्तरांकडून महामुश्किलीनं परवानगी काढली. सोबत दुसरा शिक्षक हवा म्हणून मी गेलो. गाडीत मास्तर प्रत्येक पोराच्या बोटांची नखं तपासत होते.

पहिली उडी किसनची. चेंडू आमचा, आणि बघता बघता गोलही आमचा. मी कधी नव्हे ते टाळ्या वाजवल्या. आमची पोरं वळली, छाती काढून मधल्या वर्तुळाकडं आली आणि आपापल्या जागी उभी राहिली. परभणीची पोरं क्षणभर गोंधळली. मग त्यांच्यातल्या एकानं टोपलीखालचा चेंडू उचलला, रेषेबाहेर जाऊन आत फेकला, दुसऱ्यानं तो घेऊन मोकळ्या मैदानातून पळत जाऊन गोल केला. आमची पोरं वर्तुळात उभी राहून पंचाच्या शिट्टीची वाट बघत होती. शिट्टी झालीच नाही. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा तेच झालं, तेव्हा लोक पोट धरून हसायला लागले. कुणीतरी ओरडलं, "ए जालनेवाले, प्रार्थना चालू हाय का?"

मास्तर स्वतःची शिट्टी वाजवत मैदानात घुसले.

"कायदा हाय! गोल झाला की बॉल बीचमंधी!"

पंच चष्मेवाला तरुण होता, मोठा सभ्य. म्हणाला, "मास्तर, तो कायदा जाऊन जमाना झाला. आता गोल झाला की रेषेबाहेरून लगेच चेंडू आत."

"कोन म्हन्तं?"

पंचानं खिशातून नियमांचं पुस्तक काढून पान उघडलं. पुस्तक इंग्रजीत होतं. मास्तरांनी ते दोन्ही हातांत धरलं, आणि मग माझ्याकडं पाहिलं.

"इंग्लिशवाले, वाचा."

मी शब्दन् शब्द वाचला. पंच बरोबर होता.

मास्तरांनी पोरांना जवळ बोलावलं. मला वाटलं ते काहीतरी सबब सांगतील. ते म्हणाले, "पोरं हो, तुमचं बिलकुल बराबर हाय. म्या शिकविलं ते चुकीचं हाय. आता त्यांच्यावानी खेळा."

पण दोन वर्षं पायांत मुरलेलं पाच मिनिटांत निघतं थोडंच! गोल झाला की किसन मधल्या वर्तुळाकडं चार पावलं टाकायचा, मधेच दचकून थांबायचा, आणि तोवर चेंडू आमच्या डोक्यावरून गेलेला असायचा. आम्ही सणकून मार खाल्ला.

परतीच्या गाडीत परतूर गेल्यावर एका पोरानं विचारलं, "सर, आपल्या कालिजात बी असंच खेळतेत का? बीचमंधी न येता?"

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. "माहीत नाही," मी म्हणालो. तेव्हा ते खरंच होतं.

जालन्यात बातमी आमच्या आधी पोचली होती. आठ दिवसांत मास्तरांचं नाव 'बीचमंधी' पडलं. रस्त्यात धुळीत वर्तुळ काढून उनाड पोरं त्यात छाती काढून उभी राहायची आणि मास्तर आले की पळायची. हेडमास्तर म्हणाले, "खांब राहू द्या, पंधरा ऑगस्टला पताका बांधायला बरे." मास्तरांनी एका सकाळी शिडी लावून कडं काढलं आणि मुसकं भावाकडं परत पाठवलं. ड्रिलच्या तासाला ते चिंचेखाली पाठमोरे उभे राहू लागले. हुकूम एखादा पोरगाच द्यायचा. शिट्टी शिक्षकांच्या खोलीत खिळ्याला अडकवलेली होती. पोरांच्या तोंडाकडं बघायची त्यांना हिंमतच होत नव्हती, आणि पोरांच्या डोळ्यांसमोर उभं राहता येत नाही त्या मास्तराचं उरतं काय?

आमच्याकडं आले ते गुमान बसले आणि पाणी मागितलं. ते गेल्यावर बायको म्हणाली, "भावजींना बरं नाही का हो? पुडीकडं बघितलंसुद्धा नाही."

जाताना ते रजिस्टर माझ्याकडं ठेवून गेले. "ठिवा तुमच्यापाशी. माझ्यानं बघवत न्हाई. ती पोरं कायद्यानं खेळून हारली. त्यांना आपलं म्हणायचं मला तोंड न्हाई."

रविवारी मी ते सहज चाळत होतो. टकल्या म्हाताऱ्याचं पान आलं. पाचव्या ओळीपासून वाचू लागलो. म्हातारा लिहीत होता: आमच्या वेळी प्रत्येक गोलानंतर सगळे मधोमध परत यायचे, चेंडू उडवला जायचा, माणसाला श्वास घ्यायला फुरसत मिळायची. तो नियम काढून टाकल्यापासून गोल झाला की चेंडू रेषेबाहेरून लगेच आत. हा खेळ राहिला नाही, सुटलेली गाडी पकडणं झालं आहे.

पान सहा महिन्यांपूर्वी चिकटवलेलं होतं. सहा महिने! तेवढ्यात मास्तरांनी सगळा संघ नव्यानं शिकवला असता. गावभर त्यांची जी शोभा झाली, ती माझ्या कंटाळ्यानं झाली होती. मी चार दिवस गप्प राहिलो. हे लिहितानाही त्या चार दिवसांची लाज वाटते. शेवटी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन."

मी दुपारी त्यांच्या माडीवर गेलो. ते सुपात ज्वारी घेऊन खडे निवडत बसले होते. मी समोर बसलो, रजिस्टर उघडलं आणि सबंध पान पहिल्यापासून मराठीत सांगितलं. मग म्हणालो, "मास्तर, हे मी तेव्हा वाचलं नाही. घरी जायची घाई होती म्हणून गाळलं."

ते खडे निवडत राहिले. एक, दोन, तीन. मला वाटलं, आता सूप अंगावर येतं.

"मला राग यायला पाहिजे," ते म्हणाले. "येऊन बी राह्यला. थांबा जरा."

मी थांबलो. बऱ्याच वेळानं त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"पन इंग्लिशवाले, वीस वर्सं झाली. वीस वर्सांत म्या एका मानसाला बी पुसलं न्हाई, की बाबा, कायदा तोच हाय का बदलला? तुम्ही एक पान गाळलं. म्या वीस वर्सं गाळली."

"तसं नाही मास्तर—"

"तसंच हाय. आता तुम्हाला सजा. मला इंग्रजी शिकवायचं. इथून पुढं दुसऱ्याच्या डोळ्यानं वाचायचं न्हाई."

मी कबूल झालो. मग म्हणालो, "आणि पोरांचं काय?" त्यांचा चेहरा उतरला.

"उद्या उभा राहतो त्यांच्यापुढं. पोरं हासतील, त्याचं काही न्हाई. हासली न्हाई तर कसं करू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी संघाच्या पोरांना चिंचेखाली बसवलं. खिळ्यावरची शिट्टी काढून गळ्यात घातली होती. मला ते पान वाचायला लावलं. मी वाचलं आणि पुढं म्हणालो, "मुलांनो, हे पान आमच्याकडं आधीच—" तेवढ्यात मास्तरांनी माझ्या कानाशी अशी शिट्टी मारली की मी मटकन खाली बसलो.

"आधीच आलेलं व्हतं," मास्तर म्हणाले. "माझ्या रजिस्टरात व्हतं. म्या बघितलं न्हाई. म्या तुम्हाला जुनं शिकविलं आन् भर मैदानात तुमची हासी करविली. आता तुमची मर्जी."

कुणी हसलं नाही. मग किसन उठला, चड्डीची माती झटकली आणि म्हणाला, "सर, टोपली कवा बसवायची?"

मी उठून चिंचेच्या पलीकडं गेलो, कारण माझे डोळे भरून आले होते.

पुढचं वर्ष मोठं गमतीचं गेलं. ड्रिलचा तास नसला की मास्तर माझ्या पाचवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसायचे. गुडघे बाकात मावत नसत. पोरं खुसखुसली की बसल्या बसल्या शिट्टी. क्रियापदांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. "गेला, जातो, जाईल, हे तीन कशाला? गेला म्हटलं की गेला." जे काही इंग्रजी आलं ते त्या रजिस्टरातल्या बातम्यांतूनच आलं. एका सकाळी हेडमास्तरांनी थट्टेनं इंग्रजीत विचारलं, "हाऊ आर यू, मास्तर?" मास्तर ताठ उभे राहून म्हणाले, "वुई आर लीडिंग, सर." परभणीच्या त्या चष्मेवाल्या पंचाला त्यांनी पत्र लिहिलं आणि त्यानं नियमांचं पुस्तक पाठवून दिलं. ते पुस्तक मास्तरांनी ओळीखाली बोट ठेवून एकट्यानं वाचलं. तीन महिने लागले. मी मदतीला सरसावलो की पुस्तक मिटून घ्यायचे.

पोरांचे पायही नव्यानं शिकत होते. गोल झाला की कुणीतरी एखादा अजूनही मधल्या वर्तुळाकडं वळायचा, आणि बाकीचे ओरडायचे, "अरे, तिकडं कुठं चालला, जमाना गेला!" सगळ्यांत मोठ्यानं मास्तर ओरडायचे.

पुन्हा परभणीचे सामने आले. या खेपेला माझ्याकडं परीक्षेचं काम होतं, मला जाता आलं नाही. मास्तर पोरांना घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या दारात तारवाला उभा राहिला.

त्या काळी तार म्हणजे एकच अर्थ. बायको भिंतीला टेकून खाली बसली. तिचे वडील आजारी होते. समोरची म्हातारी शेजारीण तोंडाला पदर लावूनच आली. तार माझ्या नावानं होती. मी फोडली. इंग्रजीत होती, आणि ते इंग्रजी कुणाचं आहे हे मी पहिल्या शब्दालाच ओळखलं: "वुई लॉस्ट. फुल्ली बाय रूल. नो बॉय वेंट टु सेंटर."

मी ती दोनदा वाचली, आणि मला रडूच कोसळलं.

"कोन गेलं?" शेजारीण जवळ येऊन बसली. "सांगा ना, कोन गेलं?"

"कुणी नाही, आजी. आमचे मास्तर हरले."

"मंग रडून कामून राह्यले?"

मी तार बायकोच्या हातात दिली, डोळे पुसले, पायात चपला सरकवल्या आणि गल्लीत वाटायला पेढे आणण्यासाठी बाहेर पडलो.